फिगोला बार्सिलोनाने विकलं नव्हतं

मोबाईलवर एक जुनी क्लिप अधूनमधून फिरत असते. बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ मैदान, तारीख २३ नोव्हेंबर २००२. रियल माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीतला एक खेळाडू कॉर्नर घ्यायला कोपऱ्यात जातो आणि स्टँडमधून त्याच्यावर बाटल्या, लायटर, नाणी, जे हातात येईल ते पडायला लागतं. त्या पसाऱ्यात गवतावर डुकराच्या पिल्लाचं मुंडकं पडलेलं दिसतं. खेळाडूचं नाव लुईस फिगो, दोन वर्षांपूर्वीपर्यंत बार्सिलोनाचाच. माझा भाचा जळगावला अकरावीत आहे, रात्री साडेबाराचे सामने न चुकता बघतो. ही क्लिप दाखवून त्याने विचारलं, "मामा, एवढा राग होता तर बार्सिलोनाने त्याला विकला कशापायी?"

विकलाच नव्हता. बार्सिलोनाच्या संचालकांपैकी कुणालाही तो जायला नको होता, प्रेक्षकांना तर नाहीच. तरीही तो गेला, तोही सर्वात कट्टर वैऱ्याकडे, आणि बार्सिलोनाला हात चोळत बसावं लागलं. हे कसं घडू शकतं ते कळलं की फुटबॉलमधल्या खेळाडूंच्या पळवापळवीचं अर्धं गणित सुटतं. आपल्याकडे बहुतेकांना आयपीएलची सवय असल्यामुळे डोक्यात लिलाव असतो. फ्रँचायझी ठरवते, पुकारा होतो, हातोडा पडतो. फुटबॉलमध्ये लिलाव नाही. तिथे एकेका खेळाडूचा क्लबशी करार असतो आणि सगळी मारामारी त्या कराराच्या कागदावर चालते.

आपल्या भागात शेतीवाल्या घरात वाढलेल्यांना हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल ठरतं. वर्षाची रक्कम बोलली जाते, त्यातली काही उचल आधीच दिली जाते, बाकी धान्य, कपडालत्ता जसं ठरेल तसं. आता समजा सालदार चांगला आहे, बैलजोडी, केळीचं पाणी, सगळं त्याच्या हाताखाली नीट चाललंय, आणि शिवेपलीकडचा शेतकरी त्याला म्हणाला, "माझ्याकडे ये, जास्त देतो." मध्येच साल मोडायचं तर उचल फेडावी लागते. सालदाराकडे तेवढे पैसे कुठून असणार? मग नवा मालक ती रक्कम देतो, सालदार ती जुन्या मालकाच्या हातावर ठेवतो आणि मोकळा होतो. जुना मालक चिडतो, चार लोकांत बोलून दाखवतो, पण पैसे हातात पडल्यावर त्याला अडवायला कारण उरत नाही.

फिगोचं नेमकं हेच झालं. उचलीच्या जागी होती करारात आधीच लिहिलेली सुटकेची रक्कम, १,००० कोटी पेसेटा, म्हणजे साधारण ६ कोटी युरो. त्या वेळी जगात कुठल्याही फुटबॉलपटूसाठी एवढे पैसे मोजले गेले नव्हते.

ही रक्कम करारात आली कुठून? स्पेनमध्ये १९८५ साली व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीविषयी एक शाही आदेश निघाला, क्रमांक १००६. त्याने खेळाडूला कामगार मानलं. नोकरी सोडायचा हक्क कामगाराला असतो तसा खेळाडूलाही, फक्त मुदतीआधी सोडली तर भरपाई द्यायची. भरपाई किती, ते करारात आधी ठरवता येतं. ठरवलं नसेल तर कामगार न्यायालय ठरवणार. आता कुठला क्लब आपल्या हिऱ्याची किंमत न्यायाधीशावर सोडेल? म्हणून स्पेनमधल्या क्लबांनी प्रत्येक करारात आकडा लिहायला सुरुवात केली, आणि आकडा असा लिहायचा की समोरच्याचे डोळे पांढरे व्हावेत. आकड्याचं काम भिंतीचं. पण भिंत कितीही उंच बांधली तरी तिची उंची कागदावर लिहिलेली असते, आणि तेवढी शिडी आणणारा कधीतरी निघतोच.

शिडी आणणारा निघाला तो एक बांधकाम व्यावसायिक, फ्लोरेंतिनो पेरेझ. त्याला खेळाडूपेक्षाही निवडणूक जिंकायची होती, आणि या प्रकरणाची खरी गंमत तिथेच आहे.

रियल माद्रिद आणि बार्सिलोना या दोन्ही क्लबांना मालक नाही. सभासद असतात, ते वर्गणी भरतात आणि अध्यक्ष निवडून देतात. आपल्याकडच्या सहकारी संस्थेचं पॅनल निवडून येतं तसंच काहीसं, फक्त मतदारांत हजारो वेडे चाहते. २००० च्या जुलैमध्ये रियल माद्रिदची निवडणूक होती. विद्यमान अध्यक्ष लोरेन्झो सान्झ यांच्या काळात क्लबने १९९८ साली चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली होती आणि मतदानाच्या जेमतेम दोन महिने आधी, मे २००० मध्ये, व्हॅलेन्सियाला ३-० ने हरवून पुन्हा जिंकली होती. अशा माणसाला हरवायचं म्हणजे काहीतरी अचाट बोलायला हवं. पेरेझ बोलला: मी निवडून आलो तर बार्सिलोनाचा फिगो माद्रिदमध्ये आणीन, आणि नाही आणला तर सगळ्या सभासदांची वर्षाची वर्गणी मी भरीन.

लोक हसले. फिगो म्हणजे बार्सिलोनाचा उपकर्णधार, पाच वर्षं तिथे घालवलेला, प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत. पण पेरेझने हवेत बोललेलं नव्हतं. फिगोचा एजंट जोझे वेगा याच्याशी त्याने आधीच कागद केला होता. त्यात साधारण असं होतं: पेरेझ हरला तर फिगोच्या बाजूला पैसे मिळतील, तेही काही न करता. पेरेझ जिंकला तर फिगोने माद्रिदला यायचं, आणि आला नाही तर भलामोठा दंड भरायचा. सभासदांची वर्गणी भरायचं वचन या दंडाच्या जोरावर होतं. म्हणजे निवडून आला की पेरेझला दोन्हीकडून फायदा.

वेगाला वाटलं असावं की सान्झ जिंकणारच, मग फुकटचे पैसे का सोडा. बार्सिलोनाशी पगारवाढीची बोलणी चालू होतीच, तिथेही हा कागद दबावाला कामी आला असता. अशा कागदाचा धोका एवढाच की समोरचा खरंच जिंकू शकतो. १६ जुलैला पेरेझ जिंकला.

पुढचा आठवडा म्हणजे नुसता गोंधळ. फिगोने मतदानाआधी बार्सिलोनाच्या एका क्रीडा दैनिकाला मुलाखत देऊन सांगितलं होतं की मी इथेच राहणार. तिकडे बार्सिलोनातही अध्यक्षपदाची निवडणूक होती. २३ जुलैला जोआन गास्पार्ट निवडून आला आणि खुर्चीवर बसता बसता त्याच्या हातात हे जळतं कोळशाचं घमेलं पडलं. गास्पार्टने पुढे सांगितलेली हकीकत अशी की फिगोला राहू द्यायचं तर त्या दंडाच्या रकमेची हमी बार्सिलोनाने घ्यावी असं त्याच्याकडे मागितलं गेलं, आणि त्याने ते मानलं नाही. माझ्या मते त्या जागी दुसरा कुणीही असता तरी त्याने नाही म्हटलं असतं. शत्रूच्या अध्यक्षाने दिलेलं निवडणुकीचं वचन पुरं करायला आपल्या क्लबच्या तिजोरीतून पैसे काढायचे, आणि तेही पहिल्याच दिवशी?

२४ जुलै २००० ला फिगो माद्रिदमध्ये उभा होता. हातात १० क्रमांकाची पांढरी जर्सी, चेहरा मात्र लग्नात जबरदस्तीने बसवलेल्या माणसासारखा. जर्सी त्याच्या हातात देणारे होते आल्फ्रेदो दी स्तेफानो. हा योगायोग फार थोड्यांच्या लक्षात येतो. दी स्तेफानो १९५३ साली स्पेनला आले तेव्हा त्यांच्यावरूनही याच दोन क्लबांत ओढाताण झाली होती. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटकडून बार्सिलोनाने बोलणी केली आणि कोलंबियाच्या मिलोनारिओसकडून रियल माद्रिदने, कारण कागदावर दोघांचाही त्यांच्यावर हक्क होता. स्पॅनिश संघटनेने निवाडा दिला की एक हंगाम इकडे, एक हंगाम तिकडे, आळीपाळीने. असा न्याय गावच्या पंचायतीतही कुणी देणार नाही. बार्सिलोनाने वैतागून हात काढून घेतला, आणि दी स्तेफानोंनी माद्रिदला ओळीने पाच युरोपियन कप जिंकून दिले.

आता पैसे कुणी कुणाला दिले? कागदोपत्री फिगोने बार्सिलोनाला. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण स्पेनमधल्या पद्धतीत करार मोडणारा खेळाडू असतो, म्हणून भरपाईही त्यानेच भरायची. नवा क्लब पाठीमागून रक्कम पुरवतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नेमारच्या वेळी हे उघडपणे दिसलं. त्याची सुटकेची रक्कम होती २२ कोटी २० लाख युरो. त्याचे वकील पैसे घेऊन स्पॅनिश लीगच्या कार्यालयात गेले तर लीगने ते घ्यायला नकार दिला. मग तेच वकील थेट बार्सिलोनाच्या कार्यालयात गेले आणि तिथे रक्कम भरून नेमारला मोकळं केलं. पैसे कुणाचे होते? कतारच्या गुंतवणुकीवर चालणाऱ्या पॅरिस सेंट-जर्मेंचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पावतीवरचं नाव वेगळं.

नेमारनंतर बार्सिलोनाने भिंती आणखी उंच केल्या. मेस्सीच्या नंतरच्या करारात ७० कोटी युरो होते, पेद्री आणि लामिन यमालच्या करारांत १०० कोटी. म्हणजे आकडा आता किंमत राहिलेलाच नाही. "हात लावू नका" अशी पाटी झालाय.

इंग्लंडमध्ये असा आकडा लिहायची सक्ती नाही. तिथे क्लबला सरळ नाही म्हणता येतं, म्हणून खेळाडू एका गावातून शेजारच्या वैऱ्याकडे सहज जात नाही. जर्मनीतही सक्ती नाही, पण क्लब आणि खेळाडू राजीखुशीने आकडा लिहू शकतात. डॉर्टमुंडने मारिओ गोट्झेच्या करारात तो लिहिला, आणि २०१३ मध्ये बायर्न म्युनिकने ३ कोटी ७० लाख युरो मोजून पोरगा उचलला. बातमी फुटली ती चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी. त्या हंगामात अंतिम सामना झाला डॉर्टमुंड आणि बायर्न यांच्यातच. गोट्झे जखमी म्हणून बाहेर बसला होता, बायर्न २-१ ने जिंकलं.

आता दुसरा प्रकार. यात कुणी कुणाला एक पैसाही देत नाही, आणि तरीही चाहत्यांचा राग तितकाच, कधी जास्तच.

सालदाराची गोष्ट थोडी पुढे नेऊ. साल संपलं, हिशोब मिटला, पुढच्या आखाजीला सालदार कुठेही जायला मोकळा असायला हवा. प्रत्यक्षात जुनी उचल फिटलेली नसते आणि तो मोकळा होत नाही, हे खेड्यात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. युरोपातल्या फुटबॉलपटूंची १९९५ पर्यंत जवळपास हीच गत होती. करार संपला तरी खेळाडूच्या नावाची नोंद जुन्या क्लबकडे. नव्या क्लबने पैसे मोजल्याशिवाय ती हलायची नाही. बेल्जियमच्या आर.एफ.सी. लिएज क्लबातला झां-मार्क बोसमान या साध्या, फारसं नाव नसलेल्या खेळाडूचा करार १९९० साली संपला. त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबात जायचं होतं. लिएजने त्याला जाऊ दिलं नाही आणि स्वतःकडे ठेवायचं तर पगार कापून. तो कोर्टात गेला. पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ ला, युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातल्या देशाच्या नागरिकाचा करार संपला की तो मोकळा, संघातल्या दुसऱ्या देशात जाताना त्याच्यासाठी शुल्क मागता येणार नाही. बोसमानचं स्वतःचं खेळायचं वय तोवर निघून गेलं होतं. त्याच्या नावावर पुढे शेकडो खेळाडू कोट्यधीश झाले, त्याला मात्र आयुष्यात फारसं काही मिळालं नाही.

या निकालानंतर करार संपायच्या बेतात असलेला मोठा खेळाडू राजा झाला. क्लबला पैसे द्यायचे नाहीत म्हणजे तीच रक्कम पगार आणि बोनस म्हणून त्याच्या खिशात. उत्तर लंडनमध्ये टॉटेनहॅम आणि आर्सेनल ही हाडवैरी जोडी. टॉटेनहॅमचा कर्णधार सोल कॅम्पबेल, पोरवयापासून तिथेच घडलेला. २००१ च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला. जुलैच्या सुरुवातीला आर्सेनलने पत्रकारांना बोलावलं. पत्रकारांना वाटलं नव्या गोलरक्षकाची ओळख करून देणार. दार उघडलं आणि कॅम्पबेल आत आला. टॉटेनहॅमच्या तिजोरीत शून्य पौंड. पुढच्या हंगामात आर्सेनलने लीग आणि एफ.ए. कप दोन्ही घेतले. २००४ च्या एप्रिलमध्ये आर्सेनलने लीगचं विजेतेपद पक्कं केलं ते टॉटेनहॅमच्याच व्हाइट हार्ट लेन मैदानावर, २-२ बरोबरी साधून, आणि संघात कॅम्पबेल होता. टॉटेनहॅमच्या चाहत्यांनी त्याला जी शिवी दिली ती येशूला तीस नाण्यांसाठी विकणाऱ्या जुदासाची.

कॅम्पबेलचा गुन्हा काय, असं विचारलं तर वकील म्हणेल काहीच नाही. करार पुरा केला आणि नवी नोकरी धरली. फिगोचाही कायद्याने काही गुन्हा नव्हता, त्याने तर पैसेही भरले. मग चाहत्यांचा राग खोटा का? मला तसं वाटत नाही, पण तो कशावर असावा हे नीट बघायला हवं. फिगोच्या बाबतीत जाणं हा भाग मी सोडून देईन. "राहणार" असं छापून आणायचं आणि त्याच वेळी आपल्या एजंटाने दुसरीकडे कागद करून ठेवलेला, इथे तो चुकला. ही त्याची पहिली वेळही नव्हती. १९९५ मध्ये लिस्बनहून निघताना त्याने इटलीतल्या युव्हेंटस आणि पार्मा अशा दोघांशी करार केले होते आणि त्यापायी दोन वर्षं इटलीतल्या क्लबात जायची बंदी ओढवून घेतली होती. म्हणूनच तो बार्सिलोनाला आला. ज्या दुहेरी कागदांमुळे बार्सिलोनाला फिगो मिळाला, तशाच कागदामुळे तो हातचा गेला. त्याच्यावर बाटल्या फेकणाऱ्यांत किती जणांना हे आठवलं असेल?

आणि राग एकतर्फी असतो हेही खरं. २१ ऑक्टोबर २००० ला फिगो पहिल्यांदा पांढऱ्या जर्सीत कॅम्प नोऊवर आला तेव्हा कान फाटतील असा आरडाओरडा होता. त्या दिवशी तो कॉर्नर घ्यायला गेलाच नाही. बार्सिलोना २-० ने जिंकलं. पहिला गोल कुणी केला? लुईस एन्रिकेने, जो १९९६ मध्ये रियल माद्रिदचा करार संपवून बार्सिलोनाला आला होता! त्याला कॅम्प नोऊने डोक्यावर घेतलं. येणाऱ्याला हार, जाणाऱ्याला बाटली.

दोन वर्षांनी, मुंडकं पडलेल्या त्या सामन्यात, फिगो मुद्दाम कॉर्नर घ्यायला गेला. पंचाने खेळाडूंना आत नेलं, खेळ पंधरा मिनिटांच्या वर थांबला, शेवटी सामना ०-० सुटला. बार्सिलोनाला त्याच्या जाण्यातून मिळालेले ६ कोटी युरो त्यांनी मार्क ओव्हरमार्स आणि इमान्युएल पेती यांच्यावर घाईघाईने खर्च केले. दोघेही आर्सेनलहून आणलेले, दोघेही बार्सिलोनात जमले नाहीत. क्लबला पुढची लीग जिंकायला २००५ उजाडलं. इकडे पेरेझने पुढच्या वर्षी झिदानला आणलं, माद्रिद शहरातली सरावाच्या मैदानाची जमीन विकून क्लबचं कर्ज फेडलं (तिथे आता गगनचुंबी इमारती उभ्या आहेत) आणि स्वतःच्या निवडणुका पक्क्या केल्या. फिगोला वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, २००० चा बॅलन डी'ऑर, मिळाला. सौद्याच्या कुठल्या बाजूला अक्कल होती, हे ज्याने त्याने ठरवावं.

एवढं झाल्यावर भारतातलं एक प्रकरण बघू, कारण तिसरा प्रकार तिथेच नीट कळतो: ज्यात सुटकेचा आकडाही नाही आणि करारही संपलेला नाही.

कोलकात्यात मोहन बागान १८८९ चा क्लब, ईस्ट बंगाल १९२० चा. वैर शंभर वर्षांचं. जुन्या काळी हंगाम सुरू व्हायच्या आधी तिथे खेळाडूंना अक्षरशः लपवून ठेवायचे. सही होईपर्यंत दुसऱ्या क्लबच्या माणसांच्या नजरेस पडू नये म्हणून कुठल्यातरी घरात, हॉटेलात. १९८५ मध्ये कृषाणू डे आणि विकास पांजी ही लाडकी जोडी मोहन बागानहून ईस्ट बंगालला गेली, त्याच्या आठवणी तिथले म्हातारे अजून काढतात.

२०२४ मध्ये हेच नाटक नव्या कायद्याच्या कपड्यांत झालं. पंजाबचा बचावपटू अन्वर अली. २०१९ मध्ये हृदयाचा आजार निघाला म्हणून त्याचं खेळणंच थांबलं होतं. कोर्टात भांडून तो मैदानावर परतला. तो मूळ दिल्ली एफ.सी.चा, आणि तिथून चार वर्षांच्या लोनवर मोहन बागानला. लोन म्हणजे खेळाडू उसना देणं: खेळायचं दुसऱ्याकडे, मुदत संपली की परत मूळ क्लबात. मोहन बागानसोबत त्याने २०२३-२४ ची आय.एस.एल. (इंडियन सुपर लीग) शील्ड जिंकली. मग त्या उन्हाळ्यात त्याने लोनचा करार मोडला, दिल्ली एफ.सी.कडे परतला आणि तिथून थेट ईस्ट बंगाल. फिफाने २०२२ मध्ये नियम केला की एका लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण देशातल्या देशातल्या लोनसाठी तसे नियम करायला राष्ट्रीय संघटनांना तीन वर्षांचा अवधी दिला होता. चार वर्षांचा लोन या दोन वाक्यांच्या फटीत सापडला.

सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीने निकाल दिला. अन्वर अलीवर चार महिने बंदी. मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई, आणि ती अन्वर, ईस्ट बंगाल, दिल्ली एफ.सी. अशा तिघांनी मिळून द्यायची. शिवाय ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफ.सी. या दोन्ही क्लबांना दोन ट्रान्सफर विंडो (नवे खेळाडू नोंदवायचा ठरावीक काळ) नव्या खेळाडूची नोंदणी बंद. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. फिफाच्या खेळाडू नियमांच्या १७ व्या कलमात तेव्हा हाच साचा होता. करार केल्यानंतरचा पहिला काळ संरक्षित असतो: २८ व्या वाढदिवसाआधी सही केली असेल तर तीन वर्षं, नंतर केली असेल तर दोन. त्या काळात सबळ कारणाशिवाय करार मोडला तर खेळाडूला चार महिने बंदी आणि त्याला फूस लावणाऱ्या क्लबला दोन विंडोंची. २०२४ पर्यंत भरपाई खेळाडूकडून आणि नव्या क्लबकडून एकत्र वसूल करायची पद्धत होती, म्हणजे मागून पैसे पुरवणारा लपून राहू नये.

निकाल लागून आठवडाही झाला नाही तोच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तो आदेश मागे पडला, नव्याने सुनावणी करायचं ठरलं आणि अन्वर ईस्ट बंगालकडून मैदानात उतरला.

फिगो आणि अन्वर यांच्यातला फरक एका ओळीचा आहे. फिगोच्या कागदावर मोडण्याची किंमत लिहिलेली होती, ती भरली, भांडण शिव्यांपुरतं उरलं. अन्वरच्या कागदावर अशी किंमत नव्हती, म्हणून ती किती हे ठरवायला समिती, वकील आणि न्यायाधीश लागले. किंमत आधी ठरलेली असली की राग जास्त येतो आणि कोर्टबाजी कमी होते, असं माझं निरीक्षण आहे.

फिफाच्या याच नियमांत आणखी एक बाब आहे जी पाळली कमी जाते आणि मोडली जास्त. करार चालू असलेल्या खेळाडूशी बोलायच्या आधी त्याच्या क्लबला लेखी कळवायचं. करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले असतील तरच तो खेळाडू दुसरीकडे सही करायला मोकळा. वर्तमानपत्रात "सूत्रांकडून कळते" म्हणून जे येतं, ते बरेचदा हे पत्र पोचायच्या आधीचं असतं.

आता हे सगळं आपल्या भुसावळ-जळगावच्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांच्या काय कामाचं? एका जागी थेट कामाचं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडचे प्रशिक्षकही फारसं बोलत नाहीत. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला की त्या रकमेतले पाच टक्के त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. हिशोब वयावर चालतो. बाराव्या ते पंधराव्या वाढदिवसाच्या हंगामांसाठी दर वर्षी पाव टक्का, सोळाव्या ते तेविसाव्यासाठी दर वर्षी अर्धा टक्का. चार वर्षांचा एक टक्का आणि आठ वर्षांचे चार, मिळून पाच. समजा एखाद्या पोराने तेराव्या आणि चौदाव्या वर्षी जिल्ह्यातल्या छोट्या क्लबाकडून खेळलं आणि पुढे कधीतरी तो १० कोटी रुपयांना परदेशी गेला, तर त्या छोट्या क्लबचे अर्धा टक्का, म्हणजे ५ लाख रुपये होतात. आपल्याकडच्या क्लबला त्यात दोन-तीन वर्षांचे बॉल, बूट आणि प्रवासखर्च निघतात. करार संपवून फुकट गेला तर मात्र वाटायला काहीच नाही, कारण मोजलेली रक्कमच नाही. बोसमानने खेळाडूला जे दिलं त्याची किंमत अशी छोट्या क्लबांनीही मोजली आहे.

ही रक्कम मिळते ती नोंदीवर. पोरगा आमच्याकडे खेळायचा, अख्ख्या गावाने पाहिलंय, हे फिफाला चालत नाही. महाराष्ट्रात विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) आणि तिच्या जिल्हा संघटनांमार्फत नोंदणी होते आणि महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत कुठल्या हंगामात खेळाडू कुठल्या क्लबचा होता हे चढतं. आपल्याकडचे कितीतरी क्लब स्पर्धेच्या आठवडाभर आधी घाईने नावं भरतात, जन्मतारखेचा दाखला कुणाकडे तरी राहून जातो, पुढच्या वर्षी तोच पोरगा दुसऱ्याच नावाच्या संघातून उतरतो. उद्या त्यातला एक खरंच गोव्याला किंवा कोलकात्याला गेला आणि तिथून पुढे परदेशी, तर त्याची जी दोन वर्षं आपल्या मैदानावर गेली ती नोंदीत नसतील, आणि ५ लाखांचा अर्ज करायला आपल्याकडे कागदच नसेल.